नाकारलेल्या शरीराची नोंद : युद्धकाळातील सैन्यभरतीची वैद्यकीय तपासणी आणि मुंबई

युद्धकाळात सैन्यात घ्यावयाच्या माणसाची जी वैद्यकीय तपासणी होते, तिच्याकडे सामान्यतः लष्करी कारभारातील एक दुय्यम पायरी म्हणून पाहिले जाते. उंची व छाती मोजावी, डोळे-कान पाहावेत, धावता येते की नाही एवढे ठरवावे आणि माणूस पलटणीकडे पाठवावा, इतकाच तिचा हेतू मानला जातो. प्रत्यक्षात या तपासणीच्या निमित्ताने राज्यसंस्थेला आपल्या प्रजेच्या शरीराची स्थिती समोरासमोर दिसते, आणि ज्या देशांत सक्तीची लष्करभरती, म्हणजे ठरावीक वयाच्या सर्व पुरुषांना कायद्याने सैन्यात बोलावण्याची पद्धत होती, तेथे या दर्शनातून सार्वजनिक आरोग्याच्या धोरणालाच वळण मिळाले. मुंबईत आणि महाराष्ट्रात तसे घडले नाही. दोन्ही महायुद्धांत भारतीयांवर लष्करी सक्ती नव्हती. जो भरतीला आला तो, निदान कागदोपत्री, स्वेच्छेने आला, आणि जो नाकारला गेला तो आपल्या गावी किंवा चाळीतल्या खोलीत परत गेला. त्यामुळे येथे निवडलेल्यांचा हिशेब राहिला, परंतु नाकारलेल्यांचा हिशेब समाजाच्या आरोग्याचा पुरावा म्हणून कधी मांडला गेला नाही. प्रस्तुत आढाव्याचा रोख या उणिवेवर आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग हा पट्टा त्यासाठी विशेष उपयोगी ठरतो, कारण रत्नागिरी-साताऱ्याकडच्या ज्या घरांनी येथील गिरण्यांना कामगार पुरवले, त्याच घरांनी मराठा पलटणींना शिपाईही पुरवले.

तपासणीचे तंत्र आधी समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिच्यातील प्रत्येक मोजमाप कोणत्या तरी शस्त्राच्या, ओझ्याच्या किंवा कूचाच्या गरजेतून आलेले आहे. काडतुसाचे वेष्टन दातांनी फाडावे लागे तोवर पुढचे दात शाबूत असणे ही अट होती. मागून गोळी भरण्याच्या बंदुका आल्यावर ती गरज संपली, तरी युद्धभूमीवरची टणक बिस्किटे चावता यावीत म्हणून दातांची पाहणी चालू राहिली. तळव्याला कमान नसलेला, म्हणजे सपाट तळव्याचा माणूस लांबच्या कूचात मागे पडतो, अंतर्गळ (हर्निया) असलेल्याला पाठीवरचे ओझे झेपत नाही, खुपऱ्यांनी पापण्या खरबरीत झालेल्याचे डोळे वाळवंटातील धुळीत टिकत नाहीत आणि हिवतापाने वाढलेली प्लीहा किरकोळ माराने फुटू शकते. म्हणून या सर्व गोष्टी तपासणाऱ्या डॉक्टरच्या यादीत आल्या. छाती साधी आणि फुगवून अशी दोनदा मोजण्याचा हेतू फुप्फुसांची ताकद अजमावणे हा होता. या सुट्या मापांचा मेळ घालण्यासाठी पिन्ये या फ्रेंच लष्करी डॉक्टराने १९०१ मध्ये एक सोपे गणित सुचवले, ज्यात सेंटीमीटरमधील उंचीतून किलोतील वजन आणि सेंटीमीटरमधील छातीचा घेर यांची बेरीज वजा केली जाते व येणारा आकडा जितका लहान तितका माणूस दणकट मानला जातो. उंची १६५, छाती ८५ आणि वजन ६० असेल तर उत्तर २० येते; त्याच उंचीच्या, परंतु ८० छातीच्या आणि ५० किलो वजनाच्या माणसाचे उत्तर ३५ येते, आणि तो दुर्बळांत गणला जातो. हे गणित निर्दोष नाही, परंतु उपासमार आकड्यात कशी दिसते हे त्यावरून कळते.

आकड्यांत दिसलेल्या या उपासमारीची दखल सर्वांत ठळकपणे ब्रिटनमध्ये घेतली गेली. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धाच्या वेळी औद्योगिक शहरांतून भरतीला आलेल्या तरुणांपैकी फार मोठा भाग शारीरिक दृष्ट्या अपात्र ठरल्याने खळबळ माजली, शारीरिक ऱ्हासाच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीने १९०४ मध्ये अहवाल दिला आणि त्यानंतर १९०६ मध्ये गरीब शाळकरी मुलांना जेवण देण्याचा व १९०७ मध्ये शाळांतून वैद्यकीय तपासणी करण्याचा कायदा झाला. १९१६ मध्ये तेथे सक्तीची भरती आली. प्रारंभी तपासणी लष्कराच्या हाती होती आणि संख्या भरून काढण्याच्या घाईत क्षयरोगी, हृदयरोगी व अपंग माणसेही पात्र ठरवली जात असल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १९१७ च्या अखेरीस हे काम युद्धखात्याकडून काढून राष्ट्रीय सेवा मंत्रालयाच्या नागरी वैद्यकीय मंडळांकडे सोपवावे लागले. त्या मंडळांनी नोव्हेंबर १९१७ ते ऑक्टोबर १९१८ या एका वर्षात सुमारे २४ लाख २५ हजार तपासण्या केल्या व माणसांची चार श्रेणींत विभागणी केली. पूर्ण सक्षम अशा पहिल्या श्रेणीत जेमतेम ३६ टक्के बसले, तर कोणत्याही लष्करी कामास निरुपयोगी अशा चौथ्या श्रेणीत सुमारे १० टक्के पडले. दर नऊ पुरुषांत तीन धडधाकट, दोन कमजोर, तीन जवळजवळ मोडकळीला आलेले आणि एक कायमचा रोगी, असा त्याचा गोषवारा अहवालात दिला गेला. हे चित्र भयंकर होते, पण ते छापले गेले आणि घरे, आहार व विमा यांविषयीच्या पुढील वादांत पुरावा म्हणून वापरले गेले. अमेरिकेतही दुसऱ्या महायुद्धातील भरतीत कुपोषणामुळे नाकारल्या गेलेल्या तरुणांचा दाखला १९४६ च्या शालेय भोजन कायद्यामागे होता. सक्ती ही व्यक्तिस्वातंत्र्यावरची मोठी चढाई असते यात शंका नाही; तथापि तिच्यामुळे एका पिढीतले सारे पुरुष, श्रीमंत आणि गरीब, एकाच वजनकाट्यावर उभे राहिले, ही गोष्ट विसरता येत नाही.

मुंबईतील कष्टकऱ्यांना शरीराच्या सरकारी तपासणीचा पहिला मोठा अनुभव युद्धाने दिला नाही. तो गिरणीने आणि प्लेगने दिला. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर नेली, आणि मुलाचे वय व कामाची क्षमता यांचा दाखला देणारा सरकारी डॉक्टर या व्यवस्थेत आला. जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे वय त्याचे दात व अंगलोट पाहून ठरवले जाई, म्हणजे पुढे भरतीच्या मेजावर जी पाहणी व्हायची तिचीच ही लहान आवृत्ती होती. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केल्यावर काख व जांघेतील गाठी शोधण्यासाठी घरोघर झडत्या आणि रेल्वे स्थानकांवर प्रवाशांची तपासणी सुरू झाली, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईची प्लेग समिती नेमली गेली. अनोळखी पुरुषाने स्त्रियांच्या अंगाला हात लावणे, माणसाला घरच्यांपासून तोडून इस्पितळात नेणे आणि गेलेला माणूस परत न येणे यांमुळे भीती इतकी पसरली की १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. या अनुभवाचे महत्त्व भरतीच्या इतिहासात पुरेसे ओळखले गेलेले नाही. ज्या शहराने डॉक्टर आणि शिपाई एकाच दारातून आत येताना पाहिले होते, तेथे १९१४ नंतर सक्तीच्या तपासणीचा विचारही सरकारला परवडण्यासारखा नव्हता.

पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे १४ लाख ४० हजार माणसे भरती झाली, त्यांपैकी जवळपास ८ लाख ७७ हजार लढाऊ आणि उरलेली बिगरलढाऊ, म्हणजे हमाल, खेचरवाले, स्वयंपाकी, भिश्ती, रुग्णवाहक अशा कामांची होती. मुंबई इलाख्याचा वाटा त्यात सुमारे ४१ हजार लढाऊ व ३० हजार बिगरलढाऊ असा होता, आणि पंजाबच्या तुलनेत तो लहानच म्हणावा लागेल. याचे एक कारण डॉक्टरच्या मेजाच्या आधी असलेल्या एका दारात सापडते. लढाऊ आणि बिगरलढाऊ जाती अशी जी विभागणी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली, तिच्यानुसार कोणत्या तालुक्यातून, कोणत्या जातीतून, कोणत्या कुळातून माणूस घ्यावा याची पुस्तकेच भरती अधिकाऱ्यांसाठी तयार केली गेली. मेजर बेथम यांचे मराठे व दख्खनी मुसलमानांवरील १९०८ चे हस्तपुस्तक हे त्याचे आपल्याकडचे उदाहरण. शरीराची तपासणी होण्यापूर्वीच जातीची तपासणी पूर्ण झालेली असे. छातीचा घेर कितीही भरला तरी जात यादीत नसेल तर तो घेर मोजण्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

महार समाजाच्या बाबतीत हा अन्याय सर्वांत उघड होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात महार शिपायांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती, अनेक जण सुभेदारपदापर्यंत पोहोचले होते, आणि तरीही १८९२ च्या सुमारास पलटणींची जातवार पुनर्रचना होताना त्यांची भरती बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्जाचा मसुदा तयार केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा मागणी मांडली, परंतु दार उघडले ते युद्धातील माणसांच्या टंचाईने. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये, गरज सरल्यावर, ती मोडण्यात आली. जे शरीर १८९२ मध्ये नालायक ठरले, ते १९१७ मध्ये लायक आणि १९२१ मध्ये पुन्हा नालायक कसे ठरले, याचे उत्तर वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांचे कुटुंब निवृत्तीनंतर परळमध्ये राहावयास आले, आणि त्यांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे कित्येक वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले. लष्करी नोकरीने एका अस्पृश्य घराला शिक्षण, निवृत्तिवेतन व आत्मसन्मान कसा मिळवून दिला आणि ती वाट बंद होण्याचा अर्थ काय होता, हे त्या घराला स्वतःच्या अनुभवावरून माहीत होते.

सक्तीचा कायदा मात्र मुंबईत आला होता, आणि तो कोणावर लागू होता हे लक्षात घेण्यासारखे आहे. १९१७ च्या इंडियन डिफेन्स फोर्स कायद्याने भारतात राहणाऱ्या युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांवर वयानुसार लष्करी शिक्षण वा सेवा बंधनकारक केली. १८ ते ४१ वयाच्या पुरुषांवर सर्वसाधारण सेवेचे, तर त्याहून लहान-मोठ्यांवर मर्यादित स्वरूपाचे दायित्व आले. भारतीयांना या दलात स्वेच्छेने नाव नोंदवता येत असे आणि विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या तुकड्याही काढण्यात आल्या. फोर्टमधील पेढ्यांचे गोरे कारकून आणि परळच्या रेल्वे कारखान्यांतील गोरे फोरमन हा कायद्याने बोलावून डॉक्टरपुढे उभा करता येणारा वर्ग होता. त्यांच्या हाताखालचा लालबागचा फिटर त्या कायद्याच्या बाहेर होता. ज्याला नागरिकाचे हक्क नाहीत त्याच्यावर नागरिकाचे कर्तव्य लादता येत नाही, ही गोष्ट सरकारलाही कळत होती. १० जून १९१८ रोजी गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरवलेल्या युद्धपरिषदेत लोकमान्य टिळकांनी नेमका हाच संबंध मांडावयास घेतला, त्यांना बोलू दिले गेले नाही आणि ते सभा सोडून निघून गेले. भारतीयांना सैन्यात अधिकारपदे मिळण्याची हमी मिळाल्यास महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देऊ, असे टिळकांचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्यांनी गांधीजींकडे पन्नास हजार रुपयांचा धनादेश पैजेदाखल पाठवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच उन्हाळ्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट करीत होते आणि त्यांना अल्प प्रतिसाद मिळत होता.

स्वेच्छा हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. पायदळातील शिपायाचा पगार महिना ११ रुपये असताना आणि पाऊस चुकलेल्या कोकणात किंवा माणदेशात तेवढ्या मनीऑर्डरीवर घर चालत असताना, भरतीला आलेल्या तरुणाच्या मागे भूक उभी होती. १९१७ पासून केंद्रीय व प्रांतिक भरती मंडळे स्थापन होऊन जिल्ह्याजिल्ह्याला आकडे वाटून दिले गेल्यावर पाटील-मामलेदारांचा दाबही त्यात मिसळला. अशा माणसाची तपासणी दोन्ही बाजूंनी खोटी होण्याचा धोका असतो. माणूस आजार लपवतो, वय वाढवून वा कमी करून सांगतो. आणि ज्या डॉक्टरला संख्या भरून द्यायची असते तो अर्धा इंच सोडून देतो. सक्तीच्या भरतीत माणूस रोगाचे सोंग घेतो व डॉक्टर सोंग ओळखण्यात गुंततो. भुकेच्या भरतीत माणूस निरोगीपणाचे सोंग घेतो, आणि हे दुसरे सोंग ओळखण्यात कोणालाच फारसा रस नसतो.

तपासणीत पात्र ठरलेल्या शरीराचे पुढे काय झाले, याचा सर्वांत कठोर धडा मेसोपोटेमियाने दिला. मुंबई बंदरातून गेलेल्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात हे सैन्य अडकले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्याने शरणागती पत्करली. ताज्या भाज्या व फळे नसलेल्या शिध्यामुळे भारतीय सैनिकांत स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने हिरड्या सडून रक्तस्राव होण्याचा रोग पसरला. जखमींची आबाळ इतकी झाली की व्हिन्सेंट-बिंगली चौकशी आणि त्यानंतर १९१७ चा मेसोपोटेमिया कमिशनचा अहवाल निघाला व भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. साताऱ्यात किंवा रत्नागिरीत छाती फुगवून पास झालेला तरुण टायग्रिसच्या काठी कुपोषणाने कोसळला, याचा दोष त्याच्या अंगलोटीत नव्हता. परतलेल्या आजारी व जखमी सैनिकांसाठी मुंबईतील मोठमोठ्या इमारती इस्पितळांच्या कामी लावल्या गेल्या. नुकतीच बांधून झालेली प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाची घुमटाकार वास्तूही त्यांत होती. १९१८ च्या जूनमध्ये गोदीच्या बाजूने आलेला इन्फ्लुएन्झा त्या वर्षीच्या शरद ऋतूत शहरभर पसरला आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. नगराच्या आरोग्याची अवस्था मोजण्यासाठी यापेक्षा क्रूर परीक्षा दुसरी नव्हती, पण तीही मेलेल्यांची होती. जिवंत माणसे किती अशक्त आहेत हे मोजणारी यंत्रणा शहरापाशी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाने प्रमाणच बदलले. १९३९ मध्ये सुमारे दोन लाख असलेले भारतीय सैन्य १९४५ पर्यंत जवळजवळ २५ लाखांवर गेले आणि स्वेच्छेच्या भरतीने उभे राहिलेले ते जगातील सर्वांत मोठे सैन्य ठरले. सक्ती पुन्हा युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांपुरतीच, १९४० च्या राष्ट्रीय सेवा कायद्याने आली. मात्र त्याच वर्षी तांत्रिक कामगारांविषयी काढलेल्या अध्यादेशाने कुशल कारागिरांना युद्धोपयोगी कारखान्यांत काम करण्यास भाग पाडण्याचा अधिकार सरकारला दिला. परळ-माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यांतील आणि गिरण्यांच्या यंत्रशाळांतील टर्नर-फिटरांच्या दृष्टीने ही अर्धी सक्तीच होती. तिच्यात शरीर रणांगणावर जात नव्हते, पण त्याचे श्रम बांधले जात होते.

दादरमध्ये त्या काळी एकमेकांपासून थोड्या अंतरावर असलेल्या दोन घरांतून सैन्यभरतीचा पुरस्कार होत होता, आणि दोघांची कारणे अगदी वेगळी होती. शिवाजी पार्कजवळच्या सावरकर सदनातून विनायक दामोदर सावरकर हिंदूंच्या सैनिकीकरणाचा प्रचार करीत होते. हिंदू कॉलनीतील राजगृहातून डॉ. आंबेडकर भरतीतील जातिबंदी मोडण्याची मागणी करीत होते व ते १९४१ मध्ये राष्ट्रीय संरक्षण समितीचे सदस्यही झाले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. माणसांची गरज वाढली तसतशा लढाऊ जातींच्या याद्या गुंडाळाव्या लागल्या आणि ज्या समाजांना पन्नास वर्षे डॉक्टरपर्यंत पोहोचू दिले नव्हते, त्यांचे तरुण एकदाचे वजनकाट्यावर उभे राहिले. काट्याने दाखवले ते उपाशी पोट होते. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले, बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली, आणि कमी वजनाच्या रंगरुटाला नाकारण्याऐवजी आधी खाऊ घालावे, मग पाहावे, असा मार्ग सैन्याला स्वीकारावा लागला. लष्करी शिध्यावर काही महिन्यांत रंगरुटाचे वजन वाढते, हे अधिकाऱ्यांना प्रशिक्षण केंद्रांत दिसले. या साध्या निरीक्षणाने लढाऊ रक्ताचा सिद्धान्त जितका खोटा पाडला, तितका कोणत्याही व्याख्यानाने पाडला नसता. दणकटपणा वंशातून येतो असे मानून घेतलेल्या गोष्टीचा मोठा भाग डाळ, दूध आणि मांस यांतून येत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले यशवंत घाडगे आणि एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी पराक्रम गाजवणारे नामदेव जाधव या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे मराठी वाचकांना ठाऊक असते. त्यांच्याच वयाच्या, त्यांच्याच मुलखातल्या किती तरुणांना अशक्तपणामुळे परत पाठवले गेले, हे मात्र कोणी विचारले नाही.

युद्धामुळे तपासणाऱ्यांच्या बाजूनेही बदल झाले. ३ एप्रिल १९४३ रोजी इंडियन मेडिकल सर्व्हिस, इंडियन मेडिकल डिपार्टमेंट आणि हॉस्पिटल कोअर यांच्या एकत्रीकरणातून इंडियन आर्मी मेडिकल कोअर जन्मास आली, ज्यामुळे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज आणि परळच्या सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना लष्करात एकसंध जागा मिळाली. परळच्या हाफकिन संस्थेने मेजर जनरल साहिबसिंग सोखी यांच्या नेतृत्वाखाली लसींचे उत्पादन केले. अधिकाऱ्यांच्या निवडीत १९४३ पासून मानसशास्त्रीय चाचण्या आल्या. मनाची तपासणी ही शरीराच्या तपासणीपेक्षा किती निसरडी असते, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. तेथे लाखो तरुण मानसिक कारणांनी नाकारले गेले, तरीही युद्धभूमीवर मनाने खचणाऱ्यांची संख्या घटली नाही, कारण दीर्घ काळ तोफांच्या माऱ्याखाली राहिलेला कोणताही माणूस शेवटी खचतो. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात क्षयाचे सुमारे २५ लाख रुग्ण आणि हिवतापाच्या वर्षाला किमान १० कोटी केसेस असा देशाच्या अनारोग्याचा अंदाज मांडला. ब्रिटनप्रमाणे भरतीच्या तपासणीतून सगळी पिढी मोजली गेली असती, तर समितीला अंदाजाऐवजी मोजणी हाती घेता आली असती.

स्वतंत्र भारताने सक्तीची भरती स्वीकारली नाही, पण तिचे दार बंदही केले नाही. राज्यघटनेच्या कलम २३ मध्ये वेठबिगारीला बंदी करतानाच, दुसऱ्या खंडात सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा राज्याला दिली आहे आणि ती लादताना केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेदभाव करू नये असे बजावले आहे. लढाऊ जातींचा इतिहास ज्यांनी सोसला, त्यांच्या पिढीने लिहिलेल्या घटनेत ही अट असणे स्वाभाविक आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले, तातडीच्या कमिशनद्वारे अधिकारी घेतले गेले आणि १९६३ पासून काही वर्षे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एन.सी.सी. सक्तीची झाली. गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरांतील मुलांचा लष्करी शिस्तीशी आलेला हा पहिला सार्वत्रिक संबंध होता. तो १९६८ मध्ये संपला.

आज सैन्यातील आरोग्यश्रेणी ‘शेप’ या आद्याक्षरी पद्धतीने ठरते : मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, सर्वसाधारण शारीरिक क्षमता आणि दृष्टी अशा पाच अंगांना प्रत्येकी एक ते पाच श्रेणी दिली जाते, ज्यात एक म्हणजे कोठेही नेमता येईल असा आणि पाच म्हणजे सेवेस अपात्र. मोजमाप काटेकोर असले तरी ते केव्हा आणि कोणाला लावायचे हा न्यायाचा प्रश्न राहतोच, हे मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नितीशा प्रकरणात दाखवून दिले. पुरुष अधिकाऱ्यांची कायम कमिशनसाठीची पात्रता तरुणपणी पाहिली गेली होती, तर वर्षानुवर्षे संधी नाकारलेल्या स्त्री अधिकाऱ्यांना तीच कसोटी चाळिशीनंतरच्या शरीरावर लावली जात होती. हा भेदभाव आहे, असे न्यायालयाने म्हटले. जून २०२२ पासून जवानांची भरती अग्निपथ योजनेतून होते. भरती मेळाव्यात १६०० मीटर धावणे, पुल-अप्स, खंदक उडी यांतून पार पडलेला मुलगा शेवटी ‘मेडिकल’ला उभा राहतो, आणि तेथे सपाट तळवे, एकमेकांना लागणारे गुडघे, कानातला मळ किंवा भोक पडलेला पडदा, रंगांधळेपणा, अंतर्गळ, अंडवृद्धी, मूळव्याध यांपैकी कशाने तरी ‘अनफिट’ ठरतो. यांपैकी कित्येक दोष शाळेच्या वयात दिसले असते तर साध्या उपचाराने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने गेले असते. मुलाला ते आयुष्यात पहिल्यांदा कळतात ते स्वप्न मोडताना.

सक्तीच्या तपासणीचा थेट अनुभव असलेले मराठी भाषक आज परदेशात आहेत. कोकणातून मुंबईत आणि स्वातंत्र्यानंतर इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायल समाजाच्या पूर्वजांनी जुन्या मुंबई सैन्यात नाव कमावले होते. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथे चालवणाऱ्या याच समाजाच्या नव्या पिढीला सतराव्या वर्षाच्या आसपास लष्कराकडून पहिले बोलावणे येते आणि आरोग्याचा ‘प्रोफाइल’ आकडा मिळतो, ज्यात ९७ हा सर्वोच्च आणि २१ म्हणजे कायम सूट. सिंगापूरमध्ये कायम रहिवासी झालेल्या मराठी कुटुंबांच्या मुलांनाही राष्ट्रीय सेवेपूर्वी ‘पेस’ या श्रेणीसाठी तपासणीस जावे लागते. तेथे कमी श्रेणी मिळालेल्यालाही बहुधा कचेरीतले किंवा पुरवठ्याचे काम दिले जाते, म्हणजे शरीर कमी पडले तरी माणूस व्यवस्थेच्या बाहेर जात नाही. सक्तीची दुसरी बाजू युक्रेनने दाखवली : वैद्यकीय सूट पैसे घेऊन विकली जात असल्याचे उघड झाल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये तेथील सर्व प्रादेशिक भरती कार्यालयांच्या प्रमुखांना एकदम काढावे लागले. ज्या दाखल्यावर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून असते तो दाखला बाजारात येतोच, आणि म्हणून तपासणारा डॉक्टर भरतीचा आकडा पूर्ण करण्यास बांधलेला नसावा, हा ब्रिटनने १९१७ मध्ये घेतलेला निर्णय आजही योग्य ठरतो.

महाराष्ट्रापुरता विचार केल्यास सक्ती नको असूनही तिचा आरोग्यविषयक लाभ मिळवता येण्याजोगा आहे. प्रत्येक भरतीत तपासलेल्या तरुणांचे नाव वगळून वय, तालुका, शाळा, उंची, वजन आणि अपात्रतेचे कारण एवढीच माहिती जर राज्याच्या आरोग्य विभागाला नियमाने मिळाली आणि दरवर्षी छापली गेली, तर रत्नागिरीच्या कोणत्या तालुक्यात रक्तक्षय अधिक आहे, माणच्या मुलांची उंची का वाढत नाही, शिवडी-लालबागच्या महापालिका शाळांतून किती मुलांची दृष्टी चष्म्यावाचून बिघडत गेली, हे जिल्हा शल्यचिकित्सकांना व शाळांना सांगता येईल. अशा नोंदीचा नमुना एका पानात मावतो आणि त्यातील प्रत्येक रकाना आज तपासणीच्या वेळी कोणी ना कोणी भरतच असतो.